दादाचं भरण

बसा. दिवा तुमच्याकडे सरकवतो, वीज काही इतक्यात यायची नाही. पट्टा शिवून देतो, पण घाई करू नका. घाईत शिवलेलं कातडं वर्षभरात तोंड उघडतं आणि मग लोक कारागिराच्या नावाने खडे फोडतात.

मघापासून तुम्ही त्या कोपऱ्यातल्या खोगिराकडे बघताय. सगळेच बघतात. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे, हे माझं मीच सांगतो. विकायचं नाही ते. आतून रिकामं आहे. का रिकामं आहे ते सांगतो, तोवर हा पट्टाही होईल.

निकामी गोष्टी कोंबल्या की लोक त्याला खोगीरभरती म्हणतात. ज्याने हा शब्द काढला त्याने कधी खोगीर भरलं नसणार. वरचं कातडं, नक्षी, पितळेच्या कड्या, हे सगळं माणसाला दाखवायला. घोड्याच्या पाठीला लागतात त्या खालच्या दोन गाद्या, आणि त्या गाद्यांमधलं भरण. लोकर आणि घोड्याचे केस एकत्र पिंजून ते करतात. भरण बिघडलं तर घोडा बिघडतो, आणि घोडा बिघडला तर स्वाराचं काही खरं नाही.

माझे सासरे हेच माझे गुरू. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी मला कातडं ओळखायला शिकवलं, आरी धरायला शिकवली आणि शेवटी मुलगीही दिली, तेव्हा तक्रारीला जागाच ठेवली नाही. भरणाबाबत मामांचे दोन नेम होते. पहिला असा की नवं खोगीर करताना आणि पुढे दर दोन वर्षांनी भरण उसवून नीट करताना, त्या स्वाराचे चार केस त्यात मिसळायचे. मग खोगिराला आपला माणूस कळतो, म्हणत. दुसरा नेम असा की तो माणूस गेला की कातडं ठेवा, लाकूड ठेवा, पण भरण जाळा. मी एकदा विचारलं होतं, का म्हणून? मामा म्हणाले, "तू आधी सरळ टाका घालायला शीक."

माझा थोरला भाऊ टपाल पोचवायचा. वर डोंगरात ज्या वस्त्यांना गाडीरस्ता नाही, तिथे घोड्यावरून. तरुणपणी त्याचा उजवा गुडघा मोडला होता, तो पुढे कधी वाकला नाही. म्हणून दादा खोगिरात डावीकडे भार टाकून बसायचा. लांबूनही ओळखू यायचा. मला तो बारक्या म्हणे. मी त्याच्याहून उंच झालो, मला लेक झाली, दुकान झालं, तरी बारक्याच. त्याच्या शेवटच्या भरणात त्याचे केस मीच कापून घातले होते. कानशिलावर पाच-सहा पांढरे निघाले, तेव्हा मी त्याला म्हातारा म्हणून चिडवलं. त्याने माझ्या डोक्यात टपली मारली. त्यानंतर दीडच महिन्याने घोडा एकटा घरी आला. दादा तिसऱ्या दिवशी दरीत सापडला.

भरण जाळायला हवं होतं. मी आज जाळू, उद्या जाळू करत ते खोगीर माळ्यावर टाकलं. खरं सांगायचं तर माझा हात धजला नाही.

आठ वर्षांनी माझी लेक तेच काम करायला निघाली. टपालाऐवजी औषधं, एवढाच फरक. मला म्हणाली, "बाबा, खोगीर तुमच्या हातचं हवं." बावीस वर्षांची पोर, एकटी डोंगरात जाणार. मी माळ्यावरून दादाचं खोगीर काढलं. कातडं गेलं होतं, पण भरण... आता हे तुम्हाला कळायचं नाही, कारागिराला कळेल. नवी लोकर वर्षभरात बसते, तिच्या गुठळ्या होतात. पंधरा वर्षं मुरलेलं ते भरण हातात दाबलं की पुन्हा फुलून यायचं. तसलं भरण जाळायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. आणि दुसरंही एक मनात आलं. म्हटलं, काकाचं काहीतरी पोरीच्या पाठीशी राहील. लोभ होता तसा जीवही होता, दोन्ही होतं.

लेकीने आपल्या केसांची बोटभर बारीक वेणी कापून दिली. टोकाला माझ्याच पेटीतला लाल मेणदोरा बांधला होता. लहानपणी मामा तिला कारागिराची गाठ शिकवायचे आणि ती दर वेळी शेवटचा फेर उलटा घ्यायची. कितीही सांगा, उलटाच. मामा म्हणत, ही गाठ जगात दुसरं कुणी मारणार नाही. तशीच गाठ होती. मी ती सोडली, वेणी मोकळी केली, दादाचं जुनं भरण घेतलं, नवी लोकर घेतली आणि सगळं एकत्र पिंजलं. एकदा नाही, तीनदा पिंजलं. गुठळी म्हणून राहू दिली नाही. कुठला केस कुणाचा, देवालाही सांगता आलं नसतं. मला त्याचा अभिमान वाटला.

चार महिन्यांनी घोड्याची पाठ सोलवटली.

खोगिराखाली नाही. खोगीर संपतं त्याच्याही मागे, कमरेवर, जिथे काहीच लागायचं कारण नाही. दोन्ही बाजूंना हाताएवढे चट्टे. तसे चट्टे मी पूर्वी पाहिले होते, एका घोड्यावर दोघं बसतात तेव्हाचे. मी लेकीला विचारलं, "मागे कुणाला बसवतेस का?"

ती हसली. "बाबा, तुमच्या खोगिरात मला एकटीलाच जागा पुरत नाही."

मी मलम लावलं, भरण वरून चाचपलं. रोज संध्याकाळी घोडा आला की मी कंदील घेऊन त्याची पाठ बघायचो. घोड्याची पाठ रोज बघितली मी. लेक त्याच दारातून त्याच वेळी आत जायची, आईचा हात धरून पायरी चढायची, डोक्याचा रुमाल घरातही सोडायची नाही, आणि मी घोड्याची पाठ बघत होतो. या गोष्टीला क्षमा नाही.

डॉक्टर झाले. अशक्तपणा आहे, विश्रांती घ्या, एवढंच त्यांचं. शेवटी एकदा मी तिच्या उशाशी बसलो असताना ती हळूच म्हणाली, "बाबा, काका आहेत."

"कोण?"

"काका. माझ्या मागे बसतात. त्यांचा तो पाय वाकत नाही ना... माझ्या पोटरीला लागतो. आधी बरं वाटायचं. सोबत वाटायची. आता फार जड होतात हो."

मी त्याच दिवशी खोगीर काढून घेतलं. तिचं डोंगरात जाणं थांबलं. पण तिच्या पाठीवरचा भार उतरला नाही. अंथरुणात कुशीवर वळली तरी म्हणायची, मागे सरकायला सांगा ना त्यांना. भरण जाळावं म्हणून मी काडी हातात घेतली, आणि मग आठवलं की त्यात तिचेही केस आहेत. काडी विझवली. मामा तर केव्हाच गेलेले. मग आमच्या हिने आठवण केली, शहरातल्या जुन्या खोगीरबाजारात मामा एका बाईंचं नाव आदराने घ्यायचे. भरणवाली बाई. असतील तर त्याच सांगतील.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी खोगीर पाठीला मारून निघालो.

तो बाजार पूर्वी मी मामांबरोबर पाहिला होता. तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसे. वरून छप्पर घातलेल्या चार गल्ल्या. एकीत नुसते लगाम आणि पट्टे, एकीत पाय अडकवायच्या रिकिबी आणि कड्या, एकीत रंगवलेलं कातडं टांगलेलं. चौथी खोगिरांची. आता घोडेच कुठे राहिलेत? लगामांच्या गल्लीत बायकांच्या पर्सेस लोंबत होत्या, रिकिबीवाल्याने मोबाईलची कव्हरं मांडली होती. मी त्याला बाईंचा पत्ता विचारला. त्याने माझ्या पाठीवरचं ओझं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "भरणवाल्या? सरळ शेवटपर्यंत जा. दुपारच्या आत आटपा म्हणजे झालं."

"का?"

"दुपारी सगळे झोपतात," तो म्हणाला आणि कव्हरं पुसायला लागला.

पण तिथवर पोचेपर्यंत दुपार झालीच. खोगिरांच्या गल्लीत सगळ्या फळ्या अर्ध्या ओढलेल्या. छपराच्या फटींतून येणारं ऊन खालपर्यंत पोचत नव्हतं. कमावलेल्या कातड्याचा, जुन्या तेलाचा, ओल्या लोकरीचा वास. हा वास मी चाळीस वर्षं घेतोय, माझ्या अंगालाच येतो म्हणा ना. पण तिथे त्यात घामाचा वास होता. घोड्याच्या नाही, माणसाच्या. ताजा.

दोन्ही बाजूंना लाकडी घोड्यांवर जुनी खोगिरं ठेवलेली. मी चालत होतो आणि कर्र... कर्र... असा आवाज येत होता. कातडं वाळताना कुरकुरतं, मला माहीत आहे. पण वाळणारं कातडं एकदाच कुरकुरतं आणि गप्प बसतं. हा आवाज लयीत होता. कुणी खोगिरात बसून संथ चालीने चाललं असावं तसा. एका खोगिराचा आवाज मागे पडला की पुढच्याचा सुरू व्हायचा. मी पावलं उचलली. मान वर करून बघितलं नाही.

शेवटच्या गाळ्यात एक म्हातारी बाई मांडीवर लोकर घेऊन बसली होती. दोन्ही डोळ्यांवर पांढुरका पडदा आलेला. मी काही बोलायच्या आधीच बाई म्हणाल्या, "दोघांना घेऊन आलात. बसवा त्यांना तिथे."

मी खोगीर समोरच्या लाकडी घोडीवर ठेवलं. रिकिबी हलत्या राहायला हव्या होत्या. राहिल्या नाहीत. दोन्ही रिकिबींचे पट्टे ताठ झाले.

मी मामांचं नाव सांगितलं. बाईंचा चेहरा थोडा सैल झाला. "त्यांचा शागीर्द तू? मग दुसरा नेम ठाऊक नव्हता का रे तुला?"

"ठाऊक होता, बाई."

"मग?"

मी सगळं सांगितलं. दादाचं, लेकीचं, मुरलेल्या लोकरीचं. मग त्यांनी गादीवर तळवा ठेवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"पुढे एक पोर आहे," त्या म्हणाल्या. "दमलीय फार. मागे एक पुरुष. त्याला वाईट नाही करायचं तिचं. त्याला फक्त घरी यायचंय. पण घोडं एक आहे... आणि तो पुढे सरकत चाललाय."

"जाळून टाका, बाई. आत्ताच्या आत्ता."

"जाळलं तर दोघंही जळतील. तू जुनं भरण नुसतं आत कोंबलं असतंस ना, एखाद्या नवशिक्यासारखं, तर मी चिमटीने तेवढं उचलून दिलं असतं." त्यांनी आकड्याने शिवण उसवली, आतलं थोडं भरण बोटांत चोळलं. "किती वेळा पिंजलंस?"

"तीनदा."

"छान काम आहे," त्या म्हणाल्या. इतकी वाईट शाबासकी मला कुणी दिली नसेल.

मी त्यांच्यापुढे हात जोडले. रडलोही असेन. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून लाजायचंही कारण नव्हतं. म्हटलं, एक एक केस निवडतो, संध्याकाळ झाली तरी चालेल, फक्त खूण सांगा.

"मला रंग दिसत नाहीत. ते तूच बघ. भावाचे केस कसे होते?"

"आमच्या घरात सगळ्यांचे सारखेच. दाट, कुरळे, काळेभोर. दादाचे शेवटी कानशिलाला थोडे पिकले होते, ते मीच भरणात घातले होते."

"नीट ऐक. मेलेल्याचे केस भरणात जसे होते तसेच राहतात. जिवंत माणसाचे मात्र त्याच्याबरोबर चालतात. तिकडे डोक्यावरचे पिकले की इथलेही पिकतात. तुझ्या लेकीचे केस आज कसे आहेत?"

"बाई, बावीस वर्षांची आहे ती."

"वय नाही विचारलं मी. पाहिलेस का?"

तिचा रुमाल डोळ्यांपुढे आला. धूळ लागते म्हणून बांधते, असं ती म्हणाली होती. शेवटचं तिचं उघडं डोकं मी कधी पाहिलं, ते आठवेना. दोन महिने? चार? पण मागे गल्लीत ती कुरकुर चालली होती, रिकिबींचे पट्टे ताठ होते, आणि घरी माझी पोर कुशीवर वळत होती. बावीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यात काय बघायचं असतं?

"पाहिले," मी म्हणालो. "काळेभोर आहेत."

"मग पांढरे सगळे त्याचे. ते काढ. तेवढे गेले की त्याचा हात सुटेल, ज्याचे केस कमी उरतात त्याला खोगीर धरवत नाही."

मी फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तुकड्यात कापड पसरलं आणि मूठ मूठ भरण घेऊन बसलो. लोकर बाजूला, काळे बाजूला. पहिला पांढरा सापडला तेव्हा इतका आनंद झाला! दुसरा. तिसरा. सहा झाले. दादाचे सहाच होते, फार तर सात. मग दहा झाले. मग मी मोजणं सोडून दिलं.

हे सांगायला मला जड जातंय, पण सांगतो. मला कळलं होतं. बोटांना कळलं होतं. दादाचे इतके पिकले नव्हते हे मला ठाऊक होतं, मीच तर कापले होते. पण प्रत्येक पांढरा केस काढला की एका बाजूची रिकीब थोडी सैल पडायची. मी ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, उतर, दादा. उतर. सोड तिला. अशा वेळी कोण थांबतं?

शेवटचा केस काढला तेव्हा गल्लीतली कुरकुर एकदम थांबली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

त्यांनी त्या केसांची पुरचुंडी मातीच्या भांड्यात ठेवली आणि काडी लावली. वास आला. अगदी थोडा. त्यांनी नाक उचलून तो हुंगला, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला.

"काय झालं, बाई?"

उरलेलं भरण चाचपडत त्यांनी माझ्याकडे सरकवलं, मी ते गाद्यांत भरलं आणि वरवर टाके घातले. निघताना पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. एवढंच म्हणाल्या, "घरी जा. लवकर जा."

परतीच्या गाडीत मी खोगीर मांडीवर घेतलं होतं. फार हलकं लागत होतं, म्हणून बरंही वाटत होतं. खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. घाटात गाडी वळायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की रस्ता कुठेही वळो, खोगीर एकाच बाजूला कलतंय. मी सरळ करायचो, ते पुन्हा कलायचं. डावीकडे. मग मी बाजारातली ती रिकीब आठवली, हळूहळू सैल पडलेली. ती उजवी होती.

मी ड्रायव्हरला म्हणालो, अहो, जरा जोरात चालवा. तो म्हणाला, विमान करून जायचं होतं मग. सगळी गाडी हसली.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. लेक अंगणात होती. उभी होती, कुणाचा हात न धरता. बाह्या वर सारून घोड्याला खरारा करत होती. गालांवर रंग आला होता. रुमाल नव्हता, आणि तिचे केस काळेभोर होते, एक एक. म्हटलं, देवा, मी उगाच घाबरलो.

मग ही दारात आली. हिच्या हातात फणी होती आणि पदराच्या टोकात काहीतरी गुंडाळलेलं.

"दुपारी विंचरायला बसवली," ही म्हणाली. आवाज असा की कुणाला ऐकू जाऊ नये. "रुमाल सोडेचना. मी हट्टाने सोडला. अहो... अर्धं डोकं पांढरं झालं होतं पोरीचं. इतके महिने लपवत होती. बाबांना सांगू नकोस म्हणाली, त्यांना वाटेल खोगीर वाईट झालं." हिने पदर उघडला. "आणि मग विंचरता विंचरता पांढरे सगळे फणीत आले. नुसता हात लावला तरी निघून येत होते. ती म्हणाली, आई, मला घट्ट धर. मी धरली. झोपली माझ्या मांडीवर. तासाभराने उठली ती... ती अशी."

मी अंगणाकडे वळलो. लेकीने खरारा खाली ठेवला आणि ती माझ्याकडे यायला लागली. उजवा गुडघा न वाकवता.

"आलास होय रे, बारक्या?" ती म्हणाली. "किती उशीर केलास!" आणि माझ्या डोक्यात टपली मारली.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आत येताना दाराशी तुम्हाला पाणी दिलं ना, तीच. डोंगरात औषधं घेऊन जाते, सगळ्या वस्त्या तिचं नाव काढतात. घोडा तिच्या शब्दाबाहेर नाही. पोटभर जेवते, मोठ्याने हसते. तिच्यात वाईट काहीच नाही. तो माझा भाऊ आहे, मी त्याला कसा हाकलू? फक्त ती आपल्या आईला वहिनी म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ही स्वयंपाकघरात जाऊन खाली बसली, ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. आता ओ देते. माणसाला कशाचीही सवय होते.

मी परत गेलो होतो त्या बाजारात. बाईंचा गाळा बंद होता. रिकिबीवाला म्हणाला, त्याच दिवशी फळ्या ओढल्या त्यांनी, पुन्हा उघडल्या नाहीत.

ते खोगीर मी उसवलं. भरण या बसायच्या पेटीत ठेवलंय, माझ्या खाली. कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात असते, अंघोळीलाही काढत नाही. तिचं अर्धंच डोकं पिकलं होतं ना? म्हणजे त्या भरणात तिचे काळे केसही राहिले असतील. काही तरी राहिलं असेल, असं मी धरून चाललो. महिन्या-दोन महिन्यांनी पेटी उघडून बघतो. आणि एखादा सापडतो. नवा. पांढरा. तिच्या... बाहेर जी वावरते तिच्या डोक्यावर आजवर एकही पिकला नाही, आणि मेलेल्याचे तर पिकतच नाहीत. मग आत कोण म्हातारं होतंय, ते तुम्हीच सांगा. मी ते केस एका पुडीत जमवून तिथेच आत ठेवतो. जाळायची माझी हिंमत नाही, आणि बाहेर काढून करू तरी काय?

तो मात्र हल्ली रोज म्हणतो, म्हणजे ती म्हणते, "बारक्या, ते भरण जाळून टाक की. मामांचा नेम आहे ना?" प्रेमानेच म्हणते.

घ्या, तुमचा पट्टा झाला. ओढून बघा. वरच्या वाटेने निघालात तर उजेडातच पोचाल.

आज सकाळी पेटी उघडली होती मी. कुलूप जसंच्या तसं होतं. पुडी उघडली तर अकरा वर्षांचे ते सुटे पांढरे केस सुटे नव्हते. त्यांची बोटभर बारीक वेणी घातलेली होती. टोकाला लाल मेणदोरा. मी दिव्याजवळ नेऊन गाठ बघितली, दोनदा बघितली. शेवटचा फेर उलटा घेतलेला होता.